दांडीचं मटण

जालना,
रविवार, दुपारची झोप मोडून

आदरणीय साडूभाऊ संपतराव यांना धाकट्या साडूचा, म्हणजे धम्मपालचा, सविनय जय भीम.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत आणि पोटभर जेवलेले आहेत. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? ताईंनी गोड खरंच बंद केलं, की नुसतंच डॉक्टरांना तसं सांगितलं? शाळेच्या पटांगणात शिरणाऱ्या शेळ्यांचा काही बंदोबस्त झाला का? (उत्तरं सवडीनं द्या. विचारायची रीत आहे म्हणून विचारलं.) मोबाइल असताना हा गृहस्थ कागद का काळे करतो, असं तुमच्या मनात आलं असेल. त्याचं कारण तुम्हीच आहात. फोनवर मी "काल आमच्याकडं" एवढं म्हणेपर्यंत तुम्ही "अरे, आमच्याकडं तर" म्हणून सुरू होता, आणि मग फोन तापेपर्यंत मी नुसता हूं हूं करत बसतो. व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहिलं, तर तुमचा एक अंगठा येतो. हेडमास्तर माणूस, तुमचं चुकतं असं मी म्हणत नाही. पण पत्राला मधेच तोडता येत नाही, आणि ही हकीकत मला एकदा तरी न अडता सांगायची आहे. आपण साडू झाल्यापासून आपल्या सासूबाईंच्या, म्हणजे आईंच्या, तोंडून मी तुमच्या वांग्याच्या भाजीचं, तुमच्या अक्षराचं, इतकंच काय तुमच्या मोटारसायकल हळू चालवण्याचंसुद्धा कौतुक ऐकत आलो. आता माझी पाळी आली आहे आणि मी ती सोडणार नाही.

आईंना काल सकाळी तुम्ही एसटीत बसवून दिलंत आणि "एक रात्र राहू दे, उद्या परत पाठव" असं मला बजावलंत. तर आई आज येत नाहीत. का येत नाहीत, ते क्रमानं येईल. घाई करून शेवटचं पान आधी वाचू नका. त्यांच्या डोळ्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. मोतीबिंदू दोन्हीकडे पिकलाय, उजवीकडे जास्त. डॉक्टरांनी सांगितलंय की आता थांबलात तर पुढे आम्हालाही काही करता येणार नाही. आणि आई वर्षभर एकच म्हणताहेत, "मला दिसतंय तेवढं बस हाय." तुम्ही समजावलं, ताईंनी समजावलं, त्यांची धाकटी बहीण, आमची रूपाली, तर आईपुढे रडली. मी एकट्यानंच काही म्हटलं नाही, कारण जावयानं सासूला उपदेश करायचा नसतो. जावयानं खाऊ घालायचं असतं, आणि खरं सांगतो, हे शहाणपण मला आधी नव्हतं, आता आलं.

मला एक गोष्ट दिसली होती, ती सांगतो. उन्हाळ्यात तुमच्या नातवाच्या नामकरणाला पंगत बसली होती. तुम्ही वाढण्यात होतात, म्हणून तुमच्या नजरेतून सुटलं असेल. आई रश्श्यात बोटं फिरवून तुकडा शोधत होत्या. शोधता शोधता त्यांचा हात शेजारणीच्या ताटात गेला. कुणीतरी हसलं. वाईट हेतूनं हसलं नसेल, पण आईंनी हात आखडून घेतला, तो घेतलाच. तेव्हापासून बघा, त्या पंगतीत बसत नाहीत. "माझं झालंय, तुमी बसा" म्हणतात, आणि सगळ्यांचं उरकल्यावर चुलीपाशी भिंतीकडं तोंड करून वरणभात खातात. ही तीच बाई आहे संपतराव, जिच्या हातचं डुकराचं मटण खायला हसनाबादच्या वस्तीत माणसं न बोलावता यायची. (तुमच्याकडे ते शिजत नाही हे मी जाणतो. दाराला दार लावून शाळेचा स्टाफ राहतो, आणि हेडमास्तरांच्या घरातून कसला वास आला याची चर्चा फळ्यावर लिहिल्यासारखी गावात होते. मी दोष देत नाही. नुसतं नोंदवून ठेवतो.)

आता आमची सुमेधा पुण्याला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. पोरीनं मागच्या महिन्यात मला एक व्हिडिओ पाठवला आणि खाली लिहिलं, पप्पा, आज आम्ही पोर्क चॉप केले. मी उघडून पाहिलं. हाताच्या पंज्याएवढा जाड तुकडा, एका कडेला चरबीची पट्टी, आणि बाजूनं बाहेर आलेलं एक सरळ हाड. बाकीचे लोक त्या व्हिडिओत मटण बघत असतील. मी हाड बघितलं. धरायला दांडी! तुकडा रश्श्यात बुडत नाही, हरवत नाही, शोधावा लागत नाही. एकदा हातात दिला की शेवटपर्यंत हातातच. त्याच क्षणी मी ठरवलं की आईंना हे खाऊ घालायचं, सगळ्यांच्या पंगतीत बसवून घालायचं, आणि मग त्या खुशीत असताना ऑपरेशनचं काढायचं. रूपालीला मी बेत सांगितला. ती म्हणाली, "तुमाला साधा चहा उतू न जाऊ देता करता येत न्हाई." हे खरं आहे, पण चहा आणि मटण यांत फरक आहे. मी रोलिंग मिलमध्ये भट्टीवर उभं आयुष्य काढलंय. लोखंड किती तापवायचं, तापल्यावर किती वेळ तसंच मुरू द्यायचं, कधी ओढायचं, हे मला रंगावरून कळतं. मटण काय लोखंडाहून हट्टी असतं?

चॉप मिळवणं हे मात्र लोखंडाहून अवघड निघालं. जालन्यात डुकराचं मटण मिळतं, पण चॉप मिळत नाहीत. इथला कापणारा सत्तूर उचलतो आणि हाड, मांस, चरबी असा भेदभाव न करता सगळ्याच्या सुपारीएवढ्या बोट्या करून मोकळा होतो. म्हणून मी हसनाबादच्या अंगदला गाठलं. अंगद माझा शाळेपासूनचा दोस्त. त्यांची चांगली बागायती आहे आणि दोन वर्षांपासून त्यानं पांढऱ्या डुकरांचं शेड टाकलंय. त्याचे वडील रखमाजी माळकरी. ते शेडकडे पाठ करून बसतात आणि त्या धंद्याचं नाव घेत नाहीत. पण लाइट गेली आणि शेडमधले पंखे बंद पडले, की घरात सगळ्यात आधी तेच ओरडतात, "अरे, त्या तिकडल्याला गरम होऊन राह्यलं, जनरेटर लाव!" मी गेलो तेव्हा त्यांनी मला पाठमोऱ्यानंच रामराम केला आणि अंगदला बजावलं की धम्मपाल घरचा माणूस आहे, त्याला चांगलं बघून दे. काय बघून, ते बोलले नाहीत.

मी मिलमधून जाडी मोजायचा व्हर्नियर नेला होता. (हसू नका. सुमेधानं जाडी एक इंच सांगितली होती आणि एक इंच म्हणजे एक इंच.) खुणा करायला आमचा बिलेटवर, म्हणजे लोखंडाच्या कच्च्या ठोकळ्यावर, नंबर घालायचा खडूही नेला, पण ओल्या मटणावर खडू उठत नाही हे ज्ञान मला तिथं झालं. शेवटी सुरीनं खाचा पाडल्या. कापणारा सत्तूर उगारून उभा, आणि मी त्याच्या मनगटाला धरून उभा. सवयीनं त्याचा हात खाली येणार आणि बोट्या पडणार, या भीतीनं मी त्याला हाडाला हातच लावू दिला नाही. करवतीला नवं पातं लावून हाडं मी स्वतः कापली, अगदी काटकोनात. नऊ चॉप निघाले. आठ जेवणाऱ्यांचे आठ आणि एक नमुन्याचा, कारण आमच्याकडे कुठलाही माल नमुना पास झाल्याशिवाय पुढे जात नाही. अंगद ते बघून म्हणाला, "धम्या, येवढी मापं तर आमी पोराच्या लग्नाच्या कपड्याची घेतली न्हाईत."

घरी आल्यावर ते चॉप मीठ आणि गुळाच्या पाण्यात रात्रभर ठेवायचे होते. सुमेधा म्हणते, त्यानं मटण आतून पाणी धरतं आणि कोरडं पडत नाही. गूळ पाहून रूपालीनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मोठं भांडं रिकामं नव्हतं, म्हणून मी लोणच्याची बरणी वापरली. (ताईंना हे सांगू नका. बरणी त्यांनीच दिलेली आहे.) आणि शिजवण्याचा प्रश्न आला तेव्हा रूपालीनं गॅसपुढे आडवा हात धरला. "माझ्या गॅसवर न्हाई हां. वर गच्चीवर काय रांधायचं ते रांधा." तिचं चुकलं नाही. आपल्या लहानपणीसुद्धा हे मटण घरात कधी शिजलं नाही. मागच्या अंगणात, वेगळ्या पातेल्यात, दार ओढून घेऊन शिजायचं. पण दार ओढून घ्यायचं कशाला? मी गच्चीवर मांडलं, चारी बाजूंनी उघडं. वास येऊ दे, दिसू दे, माझ्या घरच्या मेजवानीचा धूर आहे तो. तवा म्हणून मी मिलमधून दहा एमएमच्या प्लेटचा एक तुकडा आणला (रीतसर गेटपास करून, फुकटचा ठपका नको). चार विटा, त्यावर प्लेट, खाली पऱ्हाटी. कापसाच्या त्या काटक्या अशा भसकन पेटतात की भट्टीवाल्याचं मन भरून यावं.

इथं माझी एक चूक झाली, आणि ती लपवण्यासारखी नाही, कारण गच्चीवर सगळे बघत होते. भट्टीवाल्याला गरम म्हटलं की वेगळंच गरम आठवतं. मी पऱ्हाटी सारत गेलो, सारत गेलो, आणि प्लेट कडेनं जरा रंग धरायला लागली तेव्हा मला वाटलं, आता कुठं तापतेय. खात्रीसाठी मिलमधली तापमान मोजायची बंदूक आणली होती. प्लेटवर रोखली तर तिनं आकडा दाखवला. मटणावर रोखली तर नुसत्या रेघा. ती बंदूक सहाशेच्या खाली कशालाच गरम मानत नाही. नमुन्याचा चॉप मी टाकला. आवाज असा झाला की खालच्या गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. उलटायला गेलो तर तो प्लेटला सोडेना, आणि सोडला तेव्हा एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चा, असा पूर्ण निकामी माल. व्हिडिओ कॉलवर सुमेधा डोक्याला हात लावून बसली होती. "पप्पा, तवा तापवायचाय, वितळवायचा न्हाई!" आई कोपऱ्यात सतरंजीवर बसून होत्या. त्यांनी नाक वर करून वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. हसल्या असाव्यात. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पण संपतराव, नमुना कशासाठी असतो? नापास होण्यासाठीच. जाळ ओढून काढला, प्लेट थंड होऊ दिली, तूप टाकलं, लसणाच्या पाकळ्या ठेचून टाकल्या, चॉप पुसून कोरडे केले, मिरपूड चोळली आणि मग एकेक हळूच ठेवला. आता आवाज आला तो बरोबर होता. सांगता येत नाही, पण भट्टीवाल्याला आवाजही कळतो. एक बाजू तांबूस झाली की उलटायचा. मग उभा धरून कडेची चरबी भाजायची, म्हणजे ती वितळून त्याच्याच अंगावर ओघळते. दाभण टोचून पाहिलं, आतलं पाणी स्वच्छ आलं, की उतरवायचा. बिलेट भट्टीत मुरू देतात तसंच उतरवल्यावर यालाही ताटाखाली झाकून जरा पडू द्यायचं, नाहीतर कापताक्षणी सगळा रस वाहून जातो. आठही चॉप एका ओळीत ताटाखाली निजवले. रंग सारखा, जाडी सारखी, एकही वाकडा नाही. अशी बॅच आमच्या मिलमधून निघाली असती, तर मालकांनी फोटो काढून ऑफिसात लावला असता. मी धुरानं काळा पडलो होतो, म्हणून पंगतीत नीट बसावं असा विचार करून खाली आंघोळीला गेलो. तिथंच फसलो.

तुम्हाला आपल्या घरांची रीत माहीत आहे. मटणाचा वास सुटला की माणसं येतात, आणि आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की का आलास. माणूस वाढला की रश्श्यात तांब्याभर पाणी वाढतं, मीठ-तिखट बघितलं जातं, आणि पंगत एक हात पुढे सरकते. त्या हिशोबानं आजवर आपल्याकडे कुणी उपाशी गेलं नाही. पण चॉपमध्ये तांब्याभर पाणी घालता येत नाही, हे मी नवा पदार्थ आणताना विचारात घेतलंच नव्हतं. मी आंघोळीला उतरलो तेव्हा घरात आठ माणसं होती. अंगावर दुसरा तांब्या घेतो तोवर रूपालीचा हसनाबादचा मावसभाऊ बायकापोरांसकट दारात आला. बियाणं घ्यायला जालन्यात आला होता, म्हणाला मावशीला बघून जावं. मग अंगद आला, त्याचा टेम्पोवाला आणि टेम्पोवाल्याचा मेहुणा घेऊन, कारण चॉप कसे झाले याची त्यालाही काळजी. मग आमच्या लाइनीतली दोन घरं, वास कसला म्हणून चौकशीला. अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत मी जिन्यावरची पावलं ऐकत होतो आणि पाठ करत होतो: आठ चॉप, आठ चॉप.

ओल्या केसांनी गच्चीवर पोचलो तेव्हा विटांवर माझी प्लेट नव्हती. मोठं पातेलं होतं. त्यात भाजल्या धान्याचं येसर पडलेलं, काळं तिखट पडलेलं, वर तेलाचा तांबडा तवंग फिरत होता, आणि रूपाली डावानं ढवळत होती. ओळीत निजवलेले माझे चॉप तिनं सुरीनं कापून त्यात सोडले होते. एक इंच जाडीचे, काटकोनातले, व्हर्नियर लावलेले! मी नुसता पातेल्याकडे हात केला. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "तुमचे चॉप मोजून आणलेत, माणसं मोजून आली न्हाईत. मंग मी काय करू, आर्ध्या लोकाला वापस पाठवू?" माझा चेहरा बघून मग तिनं हळूच बाजूचं ताट उचललं. त्याखाली एक चॉप होता. अखंड, दांडीसकट. "आईचा तेवढा ठेवलाय," ती म्हणाली. राग आला होता तो कुठं गेला मला कळलं नाही. ही बाई माझ्या बेताला वेड्यात काढत होती, पण त्या बेतातलं मुख्य काय ते तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं.

पंगत बसली. गच्ची भरली, काही पोरं जिन्यात बसली. आई नेहमीसारख्या "माझं झालंय" म्हणायला लागल्या, तर मी त्यांना हाताला धरून पंगतीच्या बरोबर मध्ये बसवलं आणि ताटात काही न वाढता चॉपची दांडीच त्यांच्या मुठीत दिली. त्यांनी आधी बोटांनी चाचपलं, सगळीकडून. "हे काय लाकूड हाय काय रे?" म्हणाल्या. आजूबाजूची सगळी माणसं जेवायची थांबली. आईंनी दाताखाली धरलं, ओढलं, आणि तुकडा सुटला, साडूभाऊ, सुटला! ओढाताण नाही, तार नाही. रस मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि त्यांनी तो पुसला नाही. बराच वेळ चावत राहिल्या. मग विचारलं, "कुणी केलं?" मी म्हटलं, मी. "खोटं," त्या म्हणाल्या. अंगदनं साक्ष दिली, टेम्पोवाल्यानंही दिली (तो तेव्हा तिथं नव्हता, पण माणूस चांगला आहे). मग त्यांनी निकाल दिला तो शब्दाला शब्द लिहितो, तो कुठंतरी लिहिलेला राहावा म्हणून: "मीठ बेताचं हाय. जरा करपट लागतंय. पर येवढं मऊ मलाबी कधी जमलं न्हाई." संपतराव, हे तुमच्या वांग्याच्या भाजीविषयी त्या कधी म्हणाल्या आहेत काय? मी नुसतं विचारतोय.

हाड चोखून पांढरं होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. ताटाकडे बघावं लागलं नाही, काही शोधावं लागलं नाही, कुणाच्या ताटात हात गेला नाही. खाता खाता त्या हसनाबादच्या जुन्या गोष्टी सांगायला लागल्या आणि अख्खी पंगत ऐकत होती. आणि मग मधेच थांबून त्यांनी मला विचारलं, "रंग कसा आल्ता रे याचा?" मी ऑपरेशनचं कसं काढावं हे दिवसभर घोकून ठेवलं होतं, ते सगळं विसरलो. रंग मला सांगता येतो, तेवढीच माझी विद्या. मी सांगितलं की वरून तांबूस, भट्टीतून काढलेली सळई निवायला लागल्यावर होते तसा; कडेला चरबी सोनेरी, लसूण जिथं चिकटला तिथं जरा गडद; आणि आतून फिकट गुलाबी. हातातलं हाड आईंनी डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं, या डोळ्यापाशी, मग त्या डोळ्यापाशी. मग ते खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मंग पाह्यला पाहिजे येकदा. सांग तुझ्या डाक्टरला."

रूपालीच्या हातातला डाव पातेल्यात पडला. मला रडू आलं. पऱ्हाटी विझून बराच वेळ झाला होता, त्यामुळे ते धुरावरही ढकलता येत नाही.

आज सकाळीच डॉक्टरांच्या माणसाला फोन करून बुधवारची वेळ घेतली. आधी उजवा डोळा. म्हणून आई आज येत नाहीत. त्या महिनाभर इथंच राहतील, आणि पट्टी सुटली की मी पुन्हा चॉप करणार आहे, दिवसाउजेडी, त्यांच्यासमोर ताटात मांडून. वर्षभर तुम्ही सगळ्यांनी बोलून जे जमलं नाही, ते एका चॉपनं केलं. हे मी नम्रतेनं लिहितो आहे, पण वाचताना तुम्हाला नम्रता सापडली नाही तर शोधत बसू नका. ताईंना जय भीम सांगा, नातवाचा गालगुच्चा घ्या, आणि गुडघ्याला शेक देत जा. उरलेली फुशारकी समोरासमोर.

तुमचा,
धम्मपाल

ता. क. १ : खोटं लिहू नये म्हणून लिहितो. जाताना सगळे पाहुणे रश्श्याचे डबे भरून घेऊन गेले आणि जिन्यात उतरताना "रूपालीच्या हाताला चव हाय" असं बोलत होते. चॉप हा शब्द कुणी काढला नाही. मावसभावानं तर मला विचारलं की तुम्ही एवढे काळे कशानं झालात. दहा एमएमची प्लेटही आता माझी राहिलेली नाही. तिच्यावर भाकरी फार छान फुगते असं आज सकाळी निष्पन्न झालं.

ता. क. २ : सुमेधाला सगळं सांगितलं. चॉप कापून रश्श्यात टाकल्याचं ऐकून ती आधी ओरडली, मग तिनं रूपालीकडून रश्श्याची कृती लिहून घेतली. पुढच्या आठवड्यात तिच्या कॉलेजात करून दाखवणार आहे. माझ्या कृतीबद्दल तिनं एवढंच विचारलं की बरणी नीट धुतली का.

ता. क. ३ : आता खरं काम. आई तयार झाल्या आहेत, पण आज चहा पिताना त्यांनी एक अट घातली. मला जवळ बसवून म्हणाल्या, "तू खाऊ घालशील, रूपाली निजवील, ते बराबर हाय. पर डोळा बांधल्यावर मला हात संपतचा पाहिजे. रोज सांजच्याला तो मला विहारात घेऊन जातो. खड्डा आला की बोलत न्हाई, नुसता हात दाबतो, म्हंजी चारचौघात कुणाला कळू नये मला दिसत न्हाई म्हणून. दोन वर्षं झाली. तो न्हाई आला तर मी बसायची न्हाई डाक्टरपुढं." हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, फोनवर एवढं बोलता तरी. तेव्हा बुधवारी शाळेत रजा टाका आणि सकाळी आठच्या आत या. टेम्पोवाला वाकडी वाट करून हे पत्र तुमच्या हातात देईल. खरं तर मी हे पहिल्याच ओळीत लिहायला पाहिजे होतं. पण मग तुम्ही पत्र तिथंच टाकून गाडीला किक मारली असती, आणि माझ्या चॉपचं कुणीच वाचलं नसतं.